रेअर अर्थ टाकल्याने स्टीलची ताकद वाढते का?

प्रश्न थोडक्यात असा. शिरोलीतल्या एका स्टील फाउंड्रीत एलसीबी ग्रेडच्या, म्हणजे कडक थंडीत चालणाऱ्या कार्बन स्टीलच्या, व्हॉल्व्ह बॉडी ओततात. टेन्साइल (ताणून तोडायची चाचणी) व्यवस्थित येतं, पण उणे ४६ अंशांचा इम्पॅक्ट (चार्पी, म्हणजे फटक्याने तोडायची चाचणी) कधी २५ जूल येतो, कधी ११. सप्लायरने रेअर अर्थ सिलिसाइडची एक पिशवी नमुना म्हणून आणून दिली आहे आणि सांगितलंय, ‘टनाला तीन किलो टाका. ग्रेन बारीक होईल, स्ट्रेंग्थ वाढेल, इम्पॅक्टची कटकट संपेल.’ फर्नेस इंडक्शनची, लॅडल (वितळलेलं स्टील नेऊन ओतायचं भांडं) ५०० किलोचा, सल्फर ०.०२२ ते ०.०३० टक्के. टाकावं का? टाकल्यावर आत नेमकं काय होतं? आणि भावाचं काय, आत्ताच भरून ठेवावं का?

इम्पॅक्टसाठी करून बघण्यासारखं आहे. स्ट्रेंग्थसाठी नाही. आणि आज तुमचा जो सल्फर आहे त्यावर टनाला तीन किलो तर मुळीच नको. आता कारणं सांगतो.

रेअर अर्थ म्हणजे आपल्या कामापुरते सिरियम आणि लँथेनम, सोबत थोडे निओडिमियम आणि प्रासिओडिमियम. हे चौघं एकत्र असलेला धातू म्हणजे मिशमेटल. त्यात साधारण निम्मं सिरियम आणि पाव भाग लँथेनम असतं. सिगारेटच्या लायटरमधला ठिणगी पाडणारा खडा याचाच, लोखंड मिसळून केलेला. सिलिसाइडमध्ये तीसेक टक्के रेअर अर्थ आणि बाकी सिलिकॉन व लोखंड. पिशवीवरचा टक्का वाचून घ्या, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे.

आता ताकदीचं. एखादं मूलद्रव्य स्टीलची यील्ड (कायमचं वाकण्याआधी सोसता येणारा ताण) वाढवतं ते बहुधा लोखंडाच्या जाळीत विरघळून, नाहीतर बारीक कार्बाइड-नायट्राइड तयार करून. सिरियमचा अणू लोखंडाच्या अणूपेक्षा जवळजवळ दीडपट मोठा. तो घट्ट झालेल्या लोखंडात जवळपास मावतच नाही. जे काही राहतं ते ग्रेनच्या, म्हणजे धातूतल्या स्फटिकांच्या, हद्दीवर जाऊन बसतं. त्यामुळे ०.०४ टक्के रेअर अर्थने यील्ड वाढली असं कुणी म्हणालं तर मी आधी त्याच्या दोन्ही हीट्सचा (रेअर अर्थ टाकलेल्या आणि न टाकलेल्या वितळणीचा) कार्बन, मँगनीज आणि सिलिकॉन मागतो. तुमच्याच आकड्यांवर बघा. ५०० किलोला दीड किलो सिलिसाइड, त्यात समजा ३५ टक्के सिलिकॉन. म्हणजे बाथमध्ये ०.१ टक्का सिलिकॉन वाढला. एक टक्का सिलिकॉन यील्डमध्ये ऐंशीएक एमपीए देतो, तेव्हा ०.१ टक्क्याचे झाले आठ. आलेखावर ही वाढ छान दिसते, पण तिचं श्रेय सिलिकॉनचं. फेरोसिलिकॉन याहून स्वस्त पडतं.

दुसरी गफलत जरा बारीक आहे. क्वेंच-टेंपर केलेल्या (तापवून झटकन विझवून पुन्हा थोडं तापवलेल्या) मजबूत कास्टिंगमध्ये घाण, म्हणजे ऑक्साइड-सल्फाइडचे कण, जास्त असेल तर टेस्ट बार पूर्ण ताणला जाण्याआधीच तुटतो. त्या स्टीलची जी खरी यूटीएस (तुटण्याआधीचा कमाल ताण), तिथपर्यंत तो पोचतच नाही. घाण कमी केली की तोच बार शेवटपर्यंत ताणला जातो आणि आकडा वर येतो. पत्रकात लिहितात ‘स्ट्रेंग्थ वाढली’. प्रत्यक्षात आधीची ताकद वाया जात होती, ती आता हाताला लागली. तुमच्या एलसीबीत टेन्साइल आधीच नीट येतंय, म्हणजे तिथे मिळवायचं काही उरलेलं नाही.

मग रेअर अर्थ करतं काय? ते ऑक्सिजन आणि सल्फरवर तुटून पडतं. याबाबतीत ॲल्युमिनियमपेक्षाही अधाशी. स्टील वितळलेलं असतानाच, लॅडलमध्येच, सिरियमची ऑक्साइड, ऑक्सिसल्फाइड आणि सल्फाइड तयार होतात आणि ती त्या तापमानाला घन असतात. साध्या स्टीलमध्ये सल्फर असा आधी अडकत नाही. तो शेवटपर्यंत द्रवात राहतो, डेंड्राइट (घट्ट होणाऱ्या स्फटिकांच्या फांद्या) वाढत जातात तसा उरलेल्या द्रवात साठत जातो आणि अगदी शेवटी मँगनीज सल्फाइड होऊन ग्रेनच्या हद्दीवर उतरतो. तो तिथे कसा उतरतो यावर तुमचा इम्पॅक्ट ठरतो.

स्टील कास्टिंगमधल्या सल्फाइडचे तीन प्रकार सिम्स आणि डाल यांनी १९३८ मध्ये मांडले, आणि आजही मायक्रो (मायक्रोस्कोपखालचा नमुना) बघताना तीच भाषा चालते. टाइप वन म्हणजे सुटे गोल थेंब. फक्त सिलिकॉनने किल केलेल्या (ऑक्सिजन बांधून टाकलेल्या), तरी ऑक्सिजन जास्त उरलेल्या स्टीलमध्ये दिसतात. टाइप थ्री म्हणजे कोनदार सुटे कण. ॲल्युमिनियम भरपूर असलं की हे येतात. मधला टाइप टू. ॲल्युमिनियम टाकलंय पण पुरेसं उरलेलं नाही, अशा वेळी सल्फाइड ग्रेनच्या हद्दीवर माळेसारखे ओळीने बसतात. इलाँगेशन (तुटण्याआधी लांबणं) आणि इम्पॅक्टचा सगळ्यात मोठा वैरी हाच. उरलेलं ॲल्युमिनियम ०.०१ टक्क्याच्या आसपास रेंगाळत असेल तर बहुतेक वेळा हीच माळ दिसते. एका हीटला २५ आणि दुसऱ्या हीटला ११ जूल, रसायन मात्र कागदावर सारखंच, असं असेल तर माझा पहिला संशय टाइप टूवर. ॲल्युमिनियम टाकायचं काम कुठल्या शिफ्टला कोण करतं आणि कांडी वजन करून टाकतो की अंदाजाने, हे एकदा बघून या. निम्म्या वेळा उत्तर तिथेच सापडतं आणि पिशवी उघडावीच लागत नाही.

रेअर अर्थचा खरा उपयोग इथे आहे. पुरेसं टाकलं तर सल्फर आधीच पकडला जातो, हद्दीवर माळ बनवायला तो उरत नाही, आणि ॲल्युमिनियम किल केलेल्या स्टीलमध्येही सल्फाइड गोल आणि सुटे मिळतात. गरम असताना चिरा जाण्याचं प्रमाणही कमी होतं, कारण हद्दीवरचा तो शेवटचा कमकुवत पातळ थर राहत नाही.

रोलिंगच्या स्टीलमध्ये हीच गोष्ट जास्त ठळक दिसते. रोलिंगच्या तापमानाला मँगनीज सल्फाइड मऊ असतो. प्लेट लांबली की तोही शेवईसारखा लांबतो. मग प्लेट लांबीच्या दिशेने चांगली आणि आडव्या दिशेने दुबळी. वाकवली की रोलिंगच्या दिशेने चीर धरते. सिरियमचा ऑक्सिसल्फाइड मात्र पोळीतल्या मिठाच्या खड्यासारखा, कितीही लाटा, आहे तसाच राहतो. अमेरिकेतल्या जोन्स अँड लाफलिनने व्हॅन-८० ही ८० हजार पीएसआय यील्डची शीट काढली, ती न फुटता वाकावी म्हणून १९७०च्या सुमारास हाच उपाय केला होता. त्या काळात सगळ्यांनी रेअर अर्थला डोक्यावर घेतलं होतं. पुढे लॅडलमध्ये कॅल्शियमची वायर सोडण्याचं तंत्र आलं, सल्फर अगदी खाली नेता येऊ लागला, आणि कंटिन्युअस कास्टिंगचे नोझल रेअर अर्थने चोंदतात हेही लक्षात आलं. मोठ्या प्लांटनी रेअर अर्थ बाजूला ठेवलं.

पण तुमच्याकडे वायर फीडर नाही. कॅल्शियम १,४८४ अंशांना उकळतं, म्हणजे १,६०० अंशांच्या ५०० किलोच्या उथळ लॅडलमध्ये वरून टाकलं तर धूर आणि ठिणग्या, हाताला काही नाही. सिरियम ७९५ अंशांच्या आसपास वितळतं आणि ३,४०० अंशांपर्यंत उकळत नाही. शांतपणे विरघळतं. मोठ्यांनी सोडून दिलेली ही वस्तू लहान फाउंड्रीला अजून उपयोगी पडते ती यामुळेच. यावरून एक गोष्ट, विचारली नाहीत तरी सांगतो. शेजारच्या एसजी (गोल ग्राफाइटच्या बिडाच्या) फाउंड्रीतल्या मॅग्नेशियम अलॉयमध्येही रेअर अर्थ असतं. म्हणून तो अलॉय उचलून स्टीलच्या लॅडलमध्ये टाकू नका. मॅग्नेशियम १,०९० अंशांना उकळतं. स्टीलच्या तापमानाला तो लॅडल अंगावर येईल.

ग्रेन बारीक होण्याबद्दल सप्लायर अगदीच खोटं बोलत नाही. सिरियमची ऑक्साइड आणि सल्फाइड यांची स्फटिकरचना डेल्टा फेराइटशी (घट्ट होताना लोखंड आधी घेतं त्या रचनेशी) बऱ्यापैकी जुळते, त्यामुळे घट्ट होताना त्यांच्यावर नवे ग्रेन सुरू होतात. लांब खांबासारखे ग्रेन कमी, सगळीकडून सारखे वाढलेले जास्त. पण ही झाली ओतीव रचना. तुम्ही एलसीबी नॉर्मलाइज (तापवून हवेत थंड) करता, किंवा क्वेंच-टेंपर. त्या वेळी ऑस्टेनाइट (तापलेल्या स्टीलची रचना) नव्याने बनतो आणि शेवटचा ग्रेन किती हे ॲल्युमिनियम नायट्राइड, भट्टीचं तापमान आणि थंड होण्याचा वेग ठरवतात. ओतीव रचना बारीक असेल तर सेग्रिगेशनचे (मूलद्रव्यं एके ठिकाणी साठल्याचे) पट्टे जवळजवळ येतात, एवढा फायदा मागे उरतो. आहे तो, पण त्यासाठी पैसे मोजावेत इतका नाही.

आता ज्या ठिकाणी हात पोळतात तिकडे येऊ.

सप्लायरचं गणित कागदावर बरोबर आहे. सल्फाइडचा आकार पूर्ण बदलायला रेअर अर्थ सल्फरच्या साधारण तिप्पट लागतं, हा जुना ठोकताळा. तुमचा सल्फर ०.०३०, तिप्पट झालं ०.०९, आणि टनाला तीन किलो तीस टक्क्यांचा अलॉय म्हणजे बरोबर ०.०९. चूक अशी की हे सगळं रेअर अर्थ लॅडलमध्येच घन कण बनतं, आणि ते कण तरंगून वर येत नाहीत. वितळलेल्या स्टीलची घनता ७ धरा. ॲल्युमिनाची ४. फरक ३. सिरियम ऑक्सिसल्फाइडची ६, म्हणजे फरक फक्त १. कण तेवढाच मोठा असेल तर तो ॲल्युमिनाच्या एक तृतीयांश वेगाने वर चढतो. तुमच्याकडे टॅपिंग ते पोअरिंग पाच-सहा मिनिटं. तेवढ्यात काय वर येणार? कण एकमेकांना चिकटून पुंजके होतात, बॉटम-पोअर लॅडल असेल तर नोझलच्या कडेला जमतात, फिल्टर असेल तर तो चोंदतो, आणि उरलेले मोल्डमध्ये जातात.

हे मी स्वतः केलेलं आहे. बरीच वर्षं झाली, जुलै महिना, दोन दिवस पावसाने उसंत दिली नव्हती. मिशमेटलच्या ड्रमचं झाकण आदल्या आठवड्यात कुणीतरी नुसतं टेकवून ठेवलेलं. तुकडे चंदेरी दिसायला हवेत, ते राखाडी झालेले आणि बोटाला पांढरट भुकटी लागत होती. कानस घासली तर कोऱ्या तुकड्यातून ठिणग्या उडतात, यातून काहीच नाही. मी म्हटलं, वरून सडलंय, आत तर चांगलं असेल, दीडपट टाकू. त्या भुकटीसकट टाकलं. म्हणजे ऑक्सिजन काढायला जे टाकत होतो त्यातूनच ऑक्सिजन आणि ओल दोन्ही आत सोडली. लॅडलचं शेवटचं मेटल नोझलमधून पेन्सिलएवढ्या धारेने येत होतं. खरी शिक्षा आठ दिवसांनी, मशीन शॉपमध्ये. फ्लँजच्या फेसवर टर्निंग चालू असताना इन्सर्टची धार उडाली. थांबवून बघितलं तर चकचकीत पृष्ठभागावर करड्या रंगाचा ढग, जणू ओल्या सिमेंटचं बोट उमटलंय. मायक्रोस्कोपखाली तो ढग म्हणजे शेकडो बारीक कणांचा पुंजका होता. त्या हीटचं निम्मं काम भंगारात गेलं. इम्पॅक्ट? तो सगळ्यात वाईट आला.

चीनमध्ये तर हा विषय कित्येक दशकं असाच लोंबकळत राहिला. एका प्लांटमध्ये फायदा, दुसऱ्यात नुकसान. शेनयांगच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेटल रिसर्चच्या लोकांनी अलीकडच्या काळात त्याचा छडा लावला. स्टीलमधला ऑक्सिजन आधी खाली आणा आणि रेअर अर्थच्या अलॉयमधलाही ऑक्सिजन कमी ठेवा, मग अगदी थोडं रेअर अर्थही काम करतं, विशेषतः बेअरिंग स्टीलच्या फटीग आयुष्यावर. दोन्हींपैकी एकीकडे ऑक्सिजन जास्त राहिला तर तुम्ही पैसे देऊन घाण विकत घेता. माझा तो ड्रम म्हणजे याचाच गावठी पुरावा.

पुरेसं असूनही जास्त टाकत गेलात तर आणखी एक टोक येतं. ऑक्सिजन-सल्फर संपल्यावर उरलेलं सिरियम आर्सेनिक, अँटिमनी, टिन यांना धरतं, जे खरं तर चांगलं. त्याच्याही पुढे गेलं की सिरियम आणि लोखंडाची, कमी तापमानाला वितळणारी संयुगं ग्रेनच्या हद्दीवर बसतात. ज्या हद्दी साफ करायला निघालो होतो, त्याच पुन्हा कमकुवत.

जिथे सिरियम मुद्दाम स्टीलमध्ये ठेवायचं असतं अशी एक जागा मात्र आहे. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीतले फिक्स्चर वगैरे ज्याचे करतात त्या २५३ एमए स्टेनलेसमध्ये ०.०३ ते ०.०८ टक्के सिरियम स्पेसिफिकेशनमध्येच असतं. तापमान वर-खाली होताना ऑक्साइडचा थर सुटून पडू नये म्हणून. तुमच्या कामाशी त्याचा संबंध नाही, पण सप्लायरच्या पत्रकात ‘स्टेनलेसमध्येही वापरतात’ असं असेल तर ते याबद्दल आहे.

तेव्हा तुमच्या जागी मी काय केलं असतं? आधी तुटलेले चार्पीचे तुकडे हातात घेतले असते. फ्रॅक्चर चकचकीत, दाणेदार असेल तर उणे ४६ ला तुमचं स्टील ठिसूळ बाजूला गेलेलं आहे. तो प्रश्न ग्रेन साइजचा, कार्बनचा, मँगनीज कमी पडल्याचा, नॉर्मलाइजिंगचा. रेअर अर्थ तिथे फारसं काही करणार नाही. फ्रॅक्चर करडं, धाग्यासारखं, आणि तरी जूल कमी, तर ती सल्फाइडची करामत, आणि तिथे हे औषध लागू पडतं. जाड सेक्शनच्या फ्रॅक्चरवर खडीसाखरेसारखे मोठे पैलू दिसले तर ते ॲल्युमिनियम नायट्राइड. त्याला ॲल्युमिनियम आणि नायट्रोजन दोन्ही आवरावे लागतात, रेअर अर्थच्या भरवशावर राहू नका.

मग सल्फर. ॲसिड किंवा न्यूट्रल लायनिंगच्या इंडक्शन फर्नेसमध्ये सल्फर काढता येत नाही, म्हणजे तो आतच येऊ द्यायचा नाही. भंगारात ईएन-१ए चे (मशीनिंग सोपं जावं म्हणून सल्फर घातलेल्या स्टीलचे) तुकडे येतात का बघा. आपल्याकडे मशीन शॉप गल्लोगल्ली आहेत, आणि त्या स्टीलमध्ये पाव टक्क्याच्या आसपास सल्फर असतो. चार तुकडे पाच क्विंटलच्या हीटची वाट लावतात. तेलकट टर्निंग बंद करा. कार्बन वाढवायला पेटकोक वापरत असाल तर ग्राफाइट इलेक्ट्रोडचा चुरा घ्या. एवढ्यावर सल्फर ०.०१५ पर्यंत यायला हरकत नाही. आता त्याची तिप्पट ०.०४५, म्हणजे ५०० किलोला २२५ ग्रॅम रेअर अर्थ, म्हणजे तुमच्या तीस टक्क्यांच्या सिलिसाइडचे ७५० ग्रॅम. सप्लायरने सांगितलं त्याच्या बरोबर निम्मं.

टाकायचा क्रम चुकवू नका. फर्नेसमध्ये नाही. सिलिका लायनिंगमधला ऑक्सिजनसुद्धा सिरियम ओढून घेतं आणि लायनिंगलाच खातं. स्लॅग स्वच्छ काढून टॅप करा. लॅडलमध्ये आधी ॲल्युमिनियम, इतकं की शेवटी ०.०३ ते ०.०५ उरेल. लॅडल तिसरा हिस्सा भरला की पत्र्याच्या पुडीत बांधलेलं सिलिसाइड धारेखाली सोडा. रिकाम्या लॅडलच्या तळाशी टाकून ठेवलं तर ते चिकटून बसतं, आणि वर तरंगत्या स्लॅगवर टाकलं तर स्लॅगलाच मिळतं. लॅडलचं लायनिंग हाय ॲल्युमिना असेल तर बरं. त्यानंतर उंचावरून धार पाडायची नाही, कारण असं स्टील हवेतला ऑक्सिजन झटकन पकडतं. पाच-सहा मिनिटांत ओतून मोकळं व्हा.

चाचणी एकाच हीटमधून दोन लॅडल काढून घ्या, एकात टाका, दुसऱ्यात नाही. दोन्हींचे कील ब्लॉक (टेस्ट बारसाठी ओतलेले ठोकळे) एकाच भट्टीत, एकाच ट्रेवर. दुसऱ्या लॅडलमध्ये तेवढ्याच सिलिकॉनचं फेरोसिलिकॉन टाका, म्हणजे वर सांगितलेली आठ एमपीएची गंमत निघून जाईल. अशा तीन हीट्स झाल्याशिवाय सप्लायरला होय-नाही काही सांगू नका. मायक्रो एच न करता (आम्ल न लावता) १०० पटीत बघा. हद्दीवरच्या माळा गेल्या का आणि पुंजके आले का, एवढंच बघायचंय. स्पेक्ट्रोवर (रसायन मोजणाऱ्या यंत्रावर) सिरियमचा चॅनल असला तरी तो एकूण आकडा देतो, कण किती आणि विरघळलेलं किती ते नाही. त्यावर निर्णय घेऊ नका.

भावाबद्दलही विचारलंय. एप्रिल २०२५ मध्ये चीनने निर्यातीवर जे निर्बंध आणले ते सॅमॅरियम, डिस्प्रोशियम, टर्बियम, इट्रियम अशा सात मूलद्रव्यांवर. सिरियम, लँथेनम त्या यादीत नव्हती. उलट मॅग्नेटसाठी निओडिमियम काढताना ही दोघं ढिगाने निघतात आणि पडून राहतात. ‘चायनाने बंद केलंय, आत्ताच भरून ठेवा’ असं कुणी म्हणत असेल तर भरू नका. त्यातून पावसाळ्यात तर नाहीच. महिन्याला लागेल तेवढंच घ्या, पॅकिंगची तारीख बघून.

आणि पुढच्या वेळी चार्पी तुटली की तुकडे लगेच पुसून, कोरडे करून, सिलिका जेलच्या पुडीसोबत डब्यात ठेवायला सांगा. उणे ४६ वरून आलेल्या तुकड्यावर क्षणात दव धरतं, आणि सकाळपर्यंत गंजाखाली दाणेदार कुठलं आणि धागेदार कुठलं ते ओळखू येत नाही.